सहभागी क्रमांक तीन : मोगरी म्हैस

माणसानं काही बोलावं आणि समोरच्यानं ते ऐकायचं सोडून लिहून घ्यावं, यासारखा उर्मटपणा जगात दुसरा नाही, असं अन्नपूर्णाबाईचं ठाम मत होतं. आणि हा उर्मटपणा तिच्या सख्ख्या नातीनं, पुण्याहून धामणगाव बढ्याला येऊन, तिच्याच ओट्यावर बसून, तिच्याच हातची भाकर खात चालवला होता. वरणात मीठ जास्त झालं म्हटलं की अनुपमा लिहायची. आजोबा घोरतात म्हटलं की लिहायची. परवा अन्नपूर्णाबाईला ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची पाळी आली, तर पोरीनं आधी घड्याळ पाहून वेळ टिपली आणि मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आजी, संशोधनात सगळंच महत्त्वाचं असतं गं."

"अन् मी मेली असती तं?"

"तेही लिहिलं असतं," अनुपमा म्हणाली आणि तिनं जीभ चावली. पण चावायच्या आधी तेही लिहून झालं होतं.

बरं, संशोधन कशाचं? गहू-कापसाचं असतं तर अन्नपूर्णाबाईनं चार गोष्टी सांगितल्या असत्या. हे होतं जपानचं. जपानचा इतिहास, तिथला कायदा आणि सामाजिक न्याय, असं तीन पदरी काहीतरी अनुपमा शिकत होती. जुन्या काळी जपानातली गावं एखाद्या घराला कशी वाळीत टाकायची, हा तिचा विषय. तिथं जे झालं तसं इकडे कुठं होतं का, ते शोधायला ती उन्हाळ्यात आजीकडे आली आणि येताना आपल्या गुरूला घेऊन आली. मिझोबे नावाची साठीतली जपानी बाई. पहिले दोन दिवस निम्मं गाव तिला बघून गेलं. अन्नपूर्णाबाईनंही तिला नीट पारखलं. बाई तीन तीन तास गुडघे मोडून जमिनीवर बसते, ठेचा पाण्याशिवाय खाते आणि ताटात शीत ठेवत नाही, एवढं पाहिल्यावर तिनं तिला पास केलं आणि 'मिजोबाई' म्हणायला सुरुवात केली.

मिजोबाईनंच एका सकाळी ओट्यावर दहा चिंचोके मांडून तो रिवाज समजावला. ती सांगे, अनुपमा मराठी करे. गावात एका घराचा दुसऱ्या घराशी दहा गोष्टींत संबंध येतो. बाळंतपण, वयात येणं, लग्न, आजारपण, घर बांधणं, पूर, प्रवास, श्राद्ध असले आठ तोडायचे. मिजोबाईनं आठ चिंचोके बाजूला केले. दोन उरले.

"हे दोन काऊन ठेवले?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं.

"आग आणि मयत," अनुपमा म्हणाली. "आग लागली तर सगळ्यांनी विझवायला जायचं, आणि कोणी गेलं तर माती द्यायला जायचं. बाकी तोंड बघायचं नाही. पुढे तिथल्या कोर्टांनी हे बेकायदा ठरवलं. आपल्याकडेही आता कायदा झालाय."

भिंतीपलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला. पलीकडे अन्नपूर्णाबाईची धाकटी जाऊ कोकिळा राहायची, आणि ती कान देऊन ऐकत होती हे उघड होतं. दोघी जावा अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण मांड्याचं होतं. खापरावरचे मांडे एकटीचं काम नव्हे. एकीनं पुरणाची लाटी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत धोतराएवढी वाढवायची आणि उपड्या खापरावर टाकायची. दुसरीनं खालचा जाळ सांभाळायचा, मांडा उचलायचा, घडी घालायची. अन्नपूर्णाबाईचे हात आणि कोकिळेचा जाळ, ही जोडी मोताळा तालुक्यात नावाजलेली. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नात अन्नपूर्णाबाईचा एक मांडा फाटला. एकच. तेव्हा चाळीस बायांसमोर कोकिळा बोलून गेली, "बाईचा हात आता जड झाला." अन्नपूर्णाबाईनं हातातली लाटी परातीत ठेवली, पदरानं हात पुसले आणि घरी आली. ती अजून परत गेली नव्हती.

अनुपमाला हे ऐकून काय आनंद झाला! महिनाभर ती उन्हातान्हात फिरली होती, पण कोणी कबूलच करेना. नांदुऱ्याच्या पुढे एका गावात एक घर गावाबाहेर, त्यांचा हापसा वेगळा, त्यांच्या दुकानात कोणी जात नाही. तिथल्या म्हाताऱ्याला विचारलं, यांना वाळीत टाकलंय का? तो म्हणाला, "नाई वं बाई, कायदा हाये ना आता. आमी फकस्त तिकडं जात नाई." अनुपमाच्या कागदावर होय आणि नाही असे दोनच चौकोन होते. तिनं 'नाही'वर खूण केली आणि परत आली. आणि इथं घरातच दोन बाया छातीठोक सांगत होत्या, हाव, अकरा वर्षं बोलत नाही, काय करशीन? होयच्या चौकोनावर तिनं दोनदा खूण केली.

लगेच संमतीपत्र आलं. त्यात होतं की, संशोधन चालू असेपर्यंत, म्हणजे तीस जूनपर्यंत, सहभागी व्यक्ती परिस्थितीत आपणहून कोणताही बदल करणार नाहीत. अन्नपूर्णाबाई तिसरीपर्यंत शिकलेली. अंगठा देणाऱ्या बायांकडे ती जरा वरूनच बघायची. तिनं चष्मा लावला, जीभ बाहेर काढली आणि पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, रेघ सोडून खाली जाईपर्यंत लिहिलं. पलीकडे कोकिळेनंही सही केली. तेव्हा दोघींना वाटलं, तीस जून काय, तीस वर्षं होऊ द्या.

पहिली अडचण निघाली ती म्हशीची.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत घातली, पण गोठा नेमका हद्दीवर आला आणि म्हैस सामाईक. म्हणून भिंत गोठ्यापाशी थांबली आणि त्या फटीत मोगरी उभी राहिली. तोंड कोकिळेच्या अंगणात, शेपूट अन्नपूर्णाबाईच्या. कोकिळा चारा घालायची, अन्नपूर्णाबाई धार काढायची आणि निम्मं दूध मोगरीच्या गव्हाणीवर हात लांबवून ठेवायची. मोगरी आटायची तेवढे दिवस सोडले, तर अकरा वर्षांत खाडा नव्हता. आणि बोलायचं असलं की दोघी मोगरीशी बोलायच्या.

"मोगरे, कालचं दूध नासलं वं. कोनी भांडं इसळलं नव्हतं वाटते."

"मोगरे, ज्याईच्या हाताले झटका असते, त्याईचं दूध नासतेच."

अनुपमानं हे ऐकलं आणि वही खाली ठेवून डोकं धरलं. दुधाची देवघेव दहातल्या कुठल्या खान्यात बसवायची? आणि म्हशीमार्फत झालेलं बोलणं, बोलणं धरायचं की नाही? ती आणि मिजोबाई दोन दिवस यावर खलबत करत होत्या. शेवटी ठरलं की म्हैस ही मध्यस्थ आहे आणि तिची नोंद 'सहभागी क्रमांक तीन' अशी करावी. तसं पुण्याला कळवलं. पुण्याच्या समितीचं उत्तर आलं : सहभागी क्रमांक तीन यांची संमती कोणत्या स्वरूपात घेतली?

मग अनुपमानं गोठ्यात उभं राहून संमतीपत्र मोगरीला वाचून दाखवलं, कारण लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ते वाचून दाखवावं असा नियम होता. माशा फार होत्या. मोगरीनं मान हलवली.

"हो म्हणाली," अन्नपूर्णाबाईचे मालक रंगराव म्हणाले. "म्या सोता पाह्यलं."

"म्याबी," भिंतीपलीकडून त्यांचे धाकटे भाऊ, कोकिळेचे मालक पुंजाजी म्हणाले. दोघा भावांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आणि रोजच्यासारखे सोबत चहाला गेले. त्यांनी कधी कोणाला वाळीत टाकलं नव्हतं. त्यांना तेवढी फुरसतच नव्हती.

आणि मग एक दिवस सकाळी पलीकडून कोकिळेचा आवाज आला. "मोगरे, आपल्या वैष्णवीचं जमलं वं. आखाजीनंतरच्या सोमवारी लगन हाये."

अन्नपूर्णाबाईच्या हातातली धार थांबली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती.

वैष्णवी म्हणजे कोकिळेची नात. आईला टायफाईड झाला तेव्हा ती चार महिन्यांची होती, आणि पुढचे दोन महिने तिला अन्नपूर्णाबाईनंच मांडीवर वाढवलं होतं. पुढे शाळेत जायला लागल्यावर ती मोगरीच्या पोटाखालून या अंगणात यायची, आणि तशीच परत जायची. "मोठ्ये आजी, माह्या लग्नात मांडे तूच करजो," असं तिनं सहा वर्षांची असताना सांगून ठेवलं होतं, आणि अन्नपूर्णाबाई हो म्हणाली होती. भांडण नंतरचं. शब्द आधीचा.

"मोगरे," अन्नपूर्णाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मांडे कोन करून राह्यलं म्हना?"

 मग कोकिळा म्हणाली, "मोगरे, कोन करते वं? आचारी जिलेबी करतो म्हंते. माह्या मनात होतं बोलावाचं. पन थ्या कागदावर सही देल्ली ना दोघीनं."

आता यावर काय बोलायचं? अन्नपूर्णाबाई ओट्यावर आली आणि तिनं नातीला विचारलं, थो कागद फाडता येते का?

"आजी, वेडी आहेस का?" अनुपमा कासावीस झाली. "लग्न हा आठातला एक आहे! तू गेलीस तर सगळी मांडणीच कोसळेल. सहा वर्षांचं काम आहे माझं. तीस जूननंतर जा ना, बोला, काय करायचं ते करा."

"तीस जूनले काय तिच्या पोराच्या बारशाचे मांडे करू?"

"आजी, हे सामाजिक न्यायाचं काम आहे."

 फाडला असता तिनं तो कागद. पण खाली तिचं नाव होतं, तिच्या हातचं, रेघ सोडून खाली गेलेलं. आपलं नाव आपणच खोटं पाडायचं, हे तिच्याच्यानं होईना. कोकिळेचंही तेच असणार. अंगठे दिले असते तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटून गेलं.

दुपारी मिजोबाई तिच्याजवळ येऊन बसली. अनुपमाला तिनं बोलावून घेतलं आणि हळूहळू काही सांगितलं. अनुपमानं त्याचं मराठी केलं, आणि करता करता तिचा आवाज बारीक होत गेला. मिजोबाईची आजी जपानातल्या डोंगरातल्या एका गावात राहायची. पाण्याच्या पाळीवरून गावच्या मोठ्या घराविरुद्ध बोलली म्हणून तिचं घर वाळीत टाकलं होतं. सात वर्षं. एकदा त्यांच्या गवताच्या गंजीला आग लागली. सगळं गाव बादल्या घेऊन आलं, आग विझवली आणि कोणाशी एक शब्द न बोलता परत गेलं. आजी म्हणायची, आगीपेक्षा ते परत जाणं वाईट होतं.

अन्नपूर्णाबाईनं मिजोबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थे वाळीत," ती म्हणाली. "आमचं भांडन हाये. हिले सांग बरं थ्यातला फरक."

अनुपमानं हे वाक्यही लिहून घेतलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी अन्नपूर्णाबाईनं डोक्यावरून न्हाऊन जरीकाठाचं लुगडं नेसलं आणि काहीही काम नसताना ओट्यावर खांबाला धरून बसली. पलीकडे कोकिळेनं आचाऱ्याला न जुमानता स्वतःच चूल मांडली होती आणि खापर चढवलं होतं. अन्नपूर्णाबाईला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. चांगला मांडा खापरावर पडला की ओलं धुणं दगडावर अलगद ठेवल्यासारखा आवाज होतो. हे आवाज तसे नव्हते.

"फाटला," वैष्णवीचा आवाज.

थोड्या वेळानं, "आजी, हाबी फाटला."

नवव्या मांड्याला अन्नपूर्णाबाई उठून उभी राहिली. अकराव्याला तिनं डोळे मिटून घेतले.

"जाय ना," रंगराव म्हणाले.

"सही केली म्या."

"मंग बस."

पलीकडे परात आपटल्याचा आवाज झाला. मग कोकिळा मोगरीजवळ आली. तिचा श्वास लागला होता.

"मोगरे, जपानात म्हंते आग लागली तं येता येते. कागदाची मोडतोड होत नाई." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "आपल्याकडं कुठं लागते वं आग."

अन्नपूर्णाबाईनं खांब सोडला.

"मोगरे," ती म्हणाली, "मानसाच्या घरी काडेपेटी असते."

पलीकडे चपला फटफटत गेल्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढल्याचा खरखराट. काडी ओढल्याचा आवाज; एक विझली; दुसरी. मग भिंतीवरून निळा धूर वर आला आणि कोकिळा, शेजारच्या गल्लीतही ऐकू जाईल अशी ओरडली, "मोगरे, आग लागली वं माय! आग!"

अन्नपूर्णाबाईची बादली ओट्याखाली भरूनच ठेवलेली होती. का ठेवली होती, ते कोणी विचारलं नाही. ती घेऊन ती गोठ्यात गेली. मोगरी आयुष्यात कोणासाठी बाजूला सरकली नव्हती, ती त्या दिवशी सरकली. आणि अन्नपूर्णाबाई अकरा वर्षांनी म्हशीच्या गळ्याखालून वाकून पलीकडच्या अंगणात उतरली. रिकाम्या अंगणाच्या बरोबर मध्ये, कशालाही धग लागणार नाही अशा जागी, टोपलीएवढ्या पऱ्हाट्या जळत होत्या. अन्नपूर्णाबाईनं बादली ओतली. निम्मं पाणी आगीवर गेलं, निम्मं कोकिळेच्या पायावर.

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कोकिळेचे केस पांढरे झालेत, हे भिंतीवरून दिसलं नव्हतं.

"खापर जास्त तापवलं तू," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"अकरा वर्षापासून जास्तच तापून राह्यलं थे, बाई," कोकिळा म्हणाली. "खाली घे म्हनाले कोनी होतं का?" मग डोळे पुसत, पण जीभ काही आवरली नाही तिची, "हात जड हाय का अजून?"

"सरक. दाखवते."

बाराव्या लाटीला अन्नपूर्णाबाईचे हात लागले. ती फिरली, वाढली, पातळ झाली, पलीकडची वैष्णवी आरपार दिसायला लागली, आणि खापरावर पडली ती ओल्या धुण्यासारखी, अलगद.  फाटली नाही. वैष्णवी मागून येऊन मोठ्या आजीच्या कमरेला चिकटली आणि पिठाच्या हातानंच अन्नपूर्णाबाईनं तिच्या गालाला हात लावला.

एवढ्यात धूर बघून अनुपमा धावत आली. मागून मिजोबाई, तिच्याही हातात एक तांब्या.

"आजी! काय केलंस तू हे!"

"आग लागली होती."

"ही आग आहे? ही लावलेली आहे! तू बदल केलास! दोघींनी संगनमत केलंत!" अनुपमा मिजोबाईकडे वळली. मिजोबाई ओल्या राखेपाशी गुडघे मोडून बसली. तिनं काडेपेटी पाहिली, रिकामी बादली पाहिली, कोकिळेचे भिजलेले पाय पाहिले.  मग काहीतरी म्हणाली.

"काय म्हंते?" कोकिळेनं विचारलं.

अनुपमानं ओठ आवळले. "म्हणतात, रिवाजात बसतं. आग कोणी लावली हे रिवाज विचारत नाही." मग तिला आधार सापडला. "पण आग विझली की परत जायचं असतं! न बोलता! हो ना, सर?" गडबडीत ती बाईला सर म्हणाली.

मिजोबाईनं चुलीकडे बोट केलं. खापराखाली जाळ नीट पेटलेला होता. तिनं हातातला तांब्या बाजूला ठेवला, चुलीजवळ सरकली आणि कोकिळेच्या हातातून पऱ्हाटी घेऊन आत सारली. मग आपल्याला येणारे दोन मराठी शब्द तिनं एकत्र उच्चारले. "अजून वाढा."

अनुपमा मात्र मटकन मोगरीच्या गव्हाणीवर बसली. "गेलं सगळं. अकरा वर्षांचा अखंड बहिष्कार होता, आजी. इतका स्वच्छ पुरावा कुठं मिळतो? समितीला मी काय सांगू? सहभागी क्रमांक तीननं वाट दिली म्हणून?" आणि डोळ्यातलं पाणी पुसत तिनं वही उघडली आणि तारीख टाकली.

ते पाहून अन्नपूर्णाबाईनं हातातला मांडा खापरावर टाकला, हात पुसले आणि कनवटीतून काहीतरी काढलं. ओट्यावरचे दहा चिंचोके त्या दिवसापासून तिच्याजवळच होते. त्यातले आठ तिनं मोजून चुलीत टाकले. उरलेले दोन अनुपमाच्या वहीवर ठेवले, बरोबर लिहिण्याच्या जागी.

"आइक, अनुपमा. तुहं शिक्षन मोठं हाये, म्हून इथं सर्वाईच्या देखत सांगते, मांगून नको म्हनू का आजीनं पाठीमांगं ठरवलं. थ्या गावच्या बाहेरच्या घराले कोनी इचारत नाई, त्याईचा हापसा येगळा, अन् तू तिथं 'नाई' लिहून उन्हाची परत आली. अन् दोन म्हाताऱ्या मांड्यावरून रुसल्या, तं थे तू सहा वर्साचं काम म्हून उराशी धरून बसली, अन् रुसूनच राहा म्हनून सह्या घेतल्या. तवा आजपासून माह्ये तुह्याशी आठ येव्हार बंद. दोन चालू. भूक लागली तं जेवाले येजो, अन् आग लागली तं पानी घेऊन येजो. वही घेऊन येशीन तं त्यातलाबी एक बंद करीन, अन् कोनता थे सांगनार नाई. उद्या लगन झालं की मंगळवारी नांदुऱ्याची बस धर अन् त्या गावी जाऊन थो चौकोन दुरुस्त करून ये, तोपर्यंत हा न्याय असाच राहील. आता रडू नको, पुरनाचं पातेलं उचल, माह्या मांगं ठेव. अन् लिहू नको म्हनलं ना!"